माशांच्या पेटीतला कणा

ताठ मानेनं बोलायचा हक्क या जगात कुणाला असेल, तर तो मला आहे. मी कणा आहे. मान माझी, पाठ माझी, कंबरही माझीच. शेपटीचं म्हणाल तर ती नावापुरतीच, कारण मी ज्या जनावराचा कणा आहे त्याला शेपटीचं वावडं. कान्यो आमारियो गावाच्या शाळेत फळ्याच्या वर दोन खिळ्यांवर मला आडवं टांगलंय. वर्गातल्या कुणापेक्षाही माझी हजेरी चांगली आहे.

मी चिग्विरेचा. डुकराएवढं, केसाळ, बोथट तोंडाचं जनावर, उंदराच्या गोतातलं. अर्धं आयुष्य गवतात काढायचं, अर्धं पाण्यात. माझी चिग्विरे मादी होती. पाण्यात बुडी मारली की नाक, डोळे आणि कान तेवढे वर, बाकी सगळा संसार खाली. पिल्लं तिला पुष्कळ झाली. आमच्या कळपात कुणाचंही पिल्लू कुणाच्याही आचळाला लागायचं आणि कुणी त्याबद्दल तोंड वाकडं करायचं नाही. धावताना मी सरळ व्हायचो, पिल्लांना पाजताना कुशीवर वळायचो. माझे ते दिवस मजेत गेले.

पुढचं रडगाणं गात नाही. आमच्या या आपुरेच्या गवताळ मैदानात उन्हाळ्यात पाणी आटतं. चिग्विरे उरल्यासुरल्या डबक्यांशी गोळा होतात आणि ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस जवळ आले, की माणसं घोड्यांवर बसून दांडकी घेऊन येतात. हे माझ्या आधीच्या सगळ्या कण्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. मांसाला मीठ लावून ते उन्हात वाळत पडलं आणि मी दोन्या फिलोमेनाच्या स्वयंपाकघरामागे. तिथल्या मुंग्यांनी मला असं लख्ख केलं, की माणसाच्या हातून तसं होणं नाही.

दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईला मानानं मारलेली हाक. दोन्या फिलोमेनाच्या घरात ती आणि तिची नात बेल्किस, अशा दोघीच. बेल्किसची आई सान फर्नांदो शहरात एका खानावळीत कामाला होती. पोर हुशार, पायाला भिंगरी, पण बोलायला लागली की तोंड मिटायचं नाव नाही. गावात सगळे तिला नवसाची पोर म्हणायचे. एके दिवशी तिनं मला उचललं, झाडलं, पोत्यात घातलं आणि शाळेत नेलं. तिथून माझा दुसरा जन्म सुरू झाला.

झालं होतं असं, की आदल्या पुरात शाळेतला प्राण्यांचा तक्ता भिजून कुजला. नव्या शिक्षिका ओदालिस बाई डोंगराकडून आलेल्या, हार मानणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तक्ता गेला तर गेला. प्रत्येकानं घरामागून हाडं आणायची. या गावात हाडांना काय तोटा?"

तोटा नव्हताच. दुसऱ्या दिवशी वर्गात पाय ठेवायला जागा उरली नाही. गाईची कवटी आली, मगरीचा जबडा आला, कोंबडीच्या छातीचा पिंजरा, बेडकाची चिमुकली हाडं, कासवाची पाठ, दातेरी माशांची डोकी. तिर्सो नावाच्या एका आगाऊ पोरानं खेकडा आणला, तोही जिवंत.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "याची वाटणी कशी करायची?"

तिर्सो लगेच उठला. "सोपंय बाई. जे आपण खातो ते इकडे. जे आपल्याला खातं ते तिकडे."

"आणि बेडूक?"

"बेडूक कोण खातंय? त्याला बाहेर फेका."

मागून एक मुलगी म्हणाली, "आणि उपासाला चालतं ते निराळं ठेवायचं बाई. नाहीतर घरी आई ओरडते."

बाई पोटभर हसल्या. "ही झाली स्वयंपाकघरातली वाटणी. वाईट नाही. पण मगरीनं वाटणी केली, तर ती तुम्हाला कुठं ठेवेल?"

"खाऊत!" सगळा वर्ग ओरडला.

"मग बघा. ताटाकडे बघून केलेली वाटणी खाणाऱ्यागणिक बदलते. आपण जनावराकडे बघून करू. पहिला प्रश्न, पाठीत कणा आहे का?"

तिर्सोनं खेकडा उलटापालटा करून पाहिला. "बाहेरून कडक आहे की बाई."

"कडक असणं वेगळं आणि कणा असणं वेगळं. खेकड्याला सोडून ये पाण्यात."

हे वाक्य ऐकलं आणि बाई मला तिथल्या तिथे आवडल्या.

मग केळ्यांच्या पाच रिकाम्या पेट्या ओळीनं मांडल्या गेल्या. प्रश्न एकामागून एक येत गेले. जन्मभर कल्ल्यांनी श्वास घेतो, पंखांसारखे पर आहेत, बहुतेकांच्या अंगावर खवले आहेत? तो मासा. लहानपणी पाण्यात कल्ल्यांनी आणि मोठेपणी फुप्फुसांनी, वर कातडी ओलसर? बेडूक, म्हणजे उभयचर. कोरडी खवल्यांची कातडी? मगर, साप, सरडा, कासव हे सरपटणारे. पिसं? मग चोच लहान असो की मोठी, तो पक्षी. आणि अंगावर केस असून पिल्लांना दूध पाजतो तो सस्तन. वटवाघळावरून थोडी हाणामारी झाली, कारण ते उडतं. पण बाईंनी विचारलं, "पिसं दाखव," आणि भांडण मिटलं. नदीतल्या तोनीनाला, म्हणजे आमच्या गोड्या पाण्यातल्या डॉल्फिनला, सस्तनांत घालायला कुणाचीच हरकत नव्हती. ती पूर्वजन्मी बाईच होती, असं गावात लहानथोर सगळे मानतात.

शेवटी बाईंनी मला वर धरलं. "आणि हा?"

"चिग्विरे!"

"कुठल्या पेटीत?"

"मासा!" सगळा वर्ग एका सुरात. बेल्किसचा आवाज सगळ्यांत मोठा.

बाई गोंधळल्या. डोंगराकडे चिग्विरे कुणी खात नाही, त्यांना काय कल्पना. इथे मात्र चिग्विरे उपासाला चालतं. फार जुन्या काळी पाद्रींनी थेट रोमहून परवानगी आणली, असं म्हातारी माणसं सांगतात. पाण्यात राहतं ना, मग झालं. बैल, डुक्कर, कोंबडी वर्ज्य, पण वाळवलेल्या चिग्विरेचा कांदा घालून परतलेला चुरा, म्हणजे पिसियो, घरोघरी. आणि उपासाला चालतो तो मासा, हे आमच्याकडची पोरं दूध पिता पिताच शिकतात.

बाईंनी पोरांना कामाला लावलं. माझे मणके सुटे करून कुंपणाच्या तारेत ओवले. "मानेचे मोजा," म्हणाल्या. सात निघाले. गाईच्या मानेचे मोजले, सात. कुत्र्याचे, सात. वटवाघळाच्या मानेतसुद्धा सात. मग पोरं एकमेकांच्या माना चाचपायला लागली. माशाला तर मानच नसते. बाई म्हणाल्या, "आता केस, दूध आणि मान, तिन्ही बघा आणि सांगा."

सगळ्यांत आधी बेल्किसला कळलं. मला कळलं की तिला कळलं, कारण मी तिच्या हातात होतो आणि तिचे हात गार पडले. बाईंनी मला गाईशेजारी सस्तनांच्या पेटीत ठेवलं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं लोकांच्या तोंडी मासा म्हणून राहिलो होतो, शेवटी आपल्या माणसांत आलो.

ते सुख एकच रात्र टिकलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी बेल्किस झाडू घेऊन आली. त्या दिवशी झाडायची पाळी तिची नव्हती. तिनं मला उचललं आणि माशांच्या पेटीत, अगदी तळाशी ठेवलं. मग वाकून माझ्याशी बोलली, आणि हळू बोलली तरी माझ्या मणक्यामणक्यात उतरलं.

"तू मासा आहेस. कळलं ना? मी जन्मले तेव्हा दूधच घेत नव्हते. सगळ्यांनी आशा सोडली होती. आजीनं देवळातल्या, क्रूस खांद्यावर घेतलेल्या नाझरेनोपुढे नवस केला, पोर जगू दे, मी मरेपर्यंत उपासाच्या चाळीस दिवसांत मांसाला शिवणार नाही. आणि दर उपासाला ती तुला खाते. तू मांस असलास, तर आजीचा नवस मोडलाय. दर वर्षी मोडलाय. मग देव मला परत मागेल."

मी कणा असून हादरलो. एवढीशी पोर हे ओझं एकटीनं वाहत होती आणि दिवसभर वर्गात हात वर करून उत्तरं देत होती. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं, बाळ, मासा म्हण, मगर म्हण, वाटेल ते म्हण. पण माझ्याकडे तोंड नाही, ते कवटीबरोबर गेलं.

बाई आल्या, मला पाहिलं, परत गाईशेजारी ठेवलं. दुसऱ्या सकाळी मी परत माशांत. बाईंचा संशय अर्थातच तिर्सोवर. त्याला फळा पुसायची शिक्षा झाली.

"आईशपथ बाई, मी नाही!" तो कळवळून म्हणाला. "हा स्वतःच पोहून जातो!"

बेल्किस मूग गिळून बसली. तिचं खाणं सुटलं, बडबड सुटली. घरी पिसियोला हात लावीना. आजीनं विचारलं तर पोटात दुखतंय म्हणाली. बाईंना वाटलं पोर फार अभ्यास करतेय, म्हणून त्यांनी कौतुकानं तिलाच पुढे केलं. पवित्र आठवड्याच्या आदल्या शुक्रवारी गाव शाळेत येणार होतं आणि पाच पेट्या समजावून सांगायचं काम बेल्किसकडे आलं.

शुक्रवारी वर्ग माणसांनी भरला. पुढच्या बाकावर दोन्या फिलोमेना, ठेवणीतला झगा घालून, हातात पंखा घेऊन. दाराशी डॉन एवारिस्तो, आमच्या भागातल्या चिग्विरेच्या शिकारीचा मुकादम, टोपी गुडघ्यावर ठेवून.

बेल्किस काठी घेऊन उभी राहिली. आवाज खणखणीत. मासे सांगितले, बेडूक सांगितले, सरपटणारे सांगितले, पक्षी सांगितले. सस्तनांपाशी आली, गाय, कुत्रा, वटवाघूळ, तोनीना. केस, दूध, मानेचे सात मणके, सगळं बिनचूक. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी माशांच्या पेटीतून मला बाहेर काढलं. "आणि हा इथे चुकून आलाय. हा कोण, बेल्किस?"

"तो मासा आहे."

डॉन एवारिस्तोनं मांडीवर थाप मारली. "शाब्बास पोरी! ऐका बाई, जरा तिच्याकडून शिका. ऐन सणाच्या तोंडावर तुम्ही याला मांस म्हणायला लागलात, तर आम्ही कुठं जायचं?" सगळे हसले.

बाई मात्र हसल्या नाहीत. "बेल्किस, दूध कोण पाजतं ते आत्ता तूच सांगितलंस ना?"

"हो."

"मग?"

"मग हा मासा आहे."

"हीच ती!" तिर्सो बाकावर चढला. "बघा बाई! मी म्हणत होतो की नाही! हीच ठेवते त्याला तिकडं!"

बाई बेल्किससमोर गुडघ्यावर बसल्या. "खरं काय ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मग असं का गं?"

पोरीनं काठी घट्ट धरली. "त्याला सस्तन म्हणू नका ना बाई. मी मरेन."

मग सगळं बाहेर पडलं, हुंदक्यांबरोबर, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं, पण नवस, नाझरेनो आणि पिसियो एवढं सगळ्यांना कळलं. शेवटी ती आजीकडे वळली. "आजी, मोडलाय ना गं नवस?"

बाईंचा चेहरा पांढराफटक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला खात्री आहे, त्या क्षणी त्या म्हणणार होत्या, जाऊ दे, मासाच आहे हा. मीही म्हटलं असतं. एका पोरीच्या जिवापुढे माझ्या जातकुळीचं काय एवढं?

पण दोन्या फिलोमेना उठली. "बाई, तुम्ही थांबा," म्हणाली, आणि मला त्यांच्या हातातून घेतलं. "इकडे ये गं. हा कोण आहे?"

"मासा."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

बेल्किसनं माझ्याकडे बघितलं.

"अगं वेडाबाई, कातडं सोलताना माझ्या हातांना दूध लागलंय यांचं. मासा दूध देतो होय? सगळ्या गावाला ठाऊक आहे. काय रे एवारिस्तो, तुला ठाऊक नाही?"

डॉन एवारिस्तोला एकाएकी टोपीवर कसलासा डाग दिसला. "ठाऊक आहे, दोन्या. पण उपासाला चालतं."

"चालतं. बस, एवढंच. चालतं म्हणून मासा म्हणायची आपली रीत."

"मग नवस?" बेल्किसनं विचारलं. "तू मांस सोडीन म्हणाली होतीस."

"सोडलंय ना. बैलाचं सोडलं. काठीला टोचून निखाऱ्यावर भाजलेलं. चाळीस दिवसांत कुणाकडे गुरांना डाग द्यायचं काम निघतं, विस्तव पेटतो, चरबी चरचरते, आणि मी नाकाला रुमाल लावून घरी येते. माझा जीव आहे त्याच्यावर, ठाऊक आहे तुला?"

"पण त्याच्या जागी तू चिग्विरे खातेस. मजेनं खाल्लं तर तो कसला नवस?"

"मजेनं? कोण म्हणालं मजेनं?"

"इतकं छान लागतं!"

"तुला लागतं. मला नाही लागत. मला ते कधी म्हणजे कधीच आवडलं नाही. चिखलाचा वास मारतो त्याला. लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासूनं वाढलं, मी अंगणात जाऊन ओकले. त्यानंतर उपासाला नुसत्या भातावर आणि केळ्यांवर राहायचे. तू जन्मलीस आणि मी मनाशी म्हटलं, नुसतं आवडीचं सोडून भागायचं नाही, नावडीचं गिळलं पाहिजे. तेव्हापासून खातेय. घासाघासाला म्हणते, नाझरेनो, बघ, हा पोरीसाठी. आता त्याला मासा म्हण, डुक्कर म्हण, नाहीतर झाडाचं खोड म्हण. देव काय माझ्या ताटात कणा शोधत बसलाय?"

बेल्किसनं नाक पुसलं. "अजिबात नाही आवडत?"

"अजिबात."

"थोडंसुद्धा नाही?"

"त्यातला कांदा बरा लागतो."

पोर आधी हसली की आधी रडली ते मला सांगता येणार नाही, कारण तिनं आजीला मिठी मारली तेव्हा मी दोघींच्या मधे होतो आणि माझे दोन मणके तारेतून निसटले. भरलेल्या वर्गात कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. तिर्सो मात्र एवढंच म्हणत होता, की आता फळा कोण पुसणार.

बाई दोन्या फिलोमेनाला म्हणाल्या, "मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"तुमची पेटी बरोबर होती बाई. पोरीला नवस मीच अर्धा सांगितला होता."

मग बेल्किसनं निसटलेले मणके पुन्हा ओवले, मला दोन्ही हातांनी उचललं आणि सगळ्यांदेखत गाईच्या शेजारी ठेवलं. त्यानंतर मला कुणी हलवलं नाही. पेट्या कुजल्या तेव्हा बाईंनी मला वर भिंतीवर टांगलं, तेव्हापासून इथेच आहे. डॉन एवारिस्तोचा धंदाही बसला नाही. त्या वर्षी पवित्र आठवड्यात गावानं नेहमीसारखाच पिसियो खाल्ला. बदललं इतकंच, की ताटावर बसताना पोरं ओरडायला लागली, "सस्तन वाढा!"

आता माझा रंग पिवळा पडलाय, दोन मणके उंदरांनी कुरतडलेत. उंदीर आमच्याच गोतातले, म्हणून बोलत नाही. शिकवणाऱ्यांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. पोरांना माझी ओळख करून देताना मला खाली उतरवा, हातात द्या, माझी मान मोजू द्या आणि मग त्यांना त्यांची स्वतःची मोजायला सांगा. जे हाताला लागतं ते जन्मभर विसरत नाही. आणि उत्तर येत असून एखादी पोर चुकीचंच सांगत राहिली, तर तिला ओरडू नका, जवळ बसवून कारण विचारा.

बेल्किस आता मोठी झालीय, सान फर्नांदोला आईपाशी राहून शिकते, पण पवित्र आठवड्यात गावी आली की शाळेत येऊन मला पुसते. परवाही आली होती. पुसता पुसता बाईंना सांगत होती, "यंदा मी आजीला म्हटलं, पुरे झालं आता. बघ माझ्याकडे, चांगली धडधाकट आहे मी. खा एकदा बैलाचं मांस पोटभर."

"मग?" बाईंनी विचारलं.

"आजीनं पिसियोचं ताट पुढे ओढलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, धडधाकट आहेस म्हणून तर खातेय."